लाकडी मंदिरांच्या वाटेवर : नारा ते कोयासान, चौघांत एक गाडी

जपानमध्ये गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर ती क्योतोसाठी घेऊ नये. तिथे पार्किंग महाग, रस्ते तुंबलेले, आणि बस-मेट्रोने सगळीकडे जाता येतं. गाडीचा खरा उपयोग नारा शहराच्या दक्षिणेला. तिथली मंदिरं एकमेकांपासून पंधरा-वीस किलोमीटरवर असली, तरी मधल्या बस दिवसातून मोजक्याच सुटतात. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती याच पट्ट्यात आहेत. त्या कशा टिकल्या, किती वेळा जळल्या, कोणी पुन्हा उभ्या केल्या, हे एकापाठोपाठ एक बघत गेलं की प्रत्येक मंदिर पुढच्याची ओळख करून देतं. मित्रमंडळींनी खर्च वाटून घेतला, तर खिशालाही झेपतं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा निवडण्याची कारणं तीन. पानं रंगलेली असतात, एप्रिलमधली चेरीची गर्दी नसते, आणि होर्यूजी मंदिरातली एक मूर्ती वर्षातून दोनदाच, त्यातली एकदा याच सुमारास, बघायला मिळते. तोटा एकच : साडेचारनंतर अंधारायला लागतं. त्यामुळे दिवस सकाळी आठला सुरू करावाच लागतो.

निघण्याआधी

क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हिसा, मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. जपानमध्ये १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचाच परवाना चालतो आणि आपल्या आरटीओकडून तोच मिळतो. फॉर्म ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्सवरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. गाडीच्या काउंटरवर कर्मचारी अक्षरन् अक्षर ताडून बघतात. तिथे हा परवाना, मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट अशी तिन्ही कागदपत्रं हातात लागतात. झेरॉक्स चालत नाही. गाडी दोघं चालवणार असतील, तर करारावर दोघांची नावं घालून घ्या. नाव नसलेला माणूस चालवत असताना अपघात झाला, तर विमा लागू होत नाही.

पिवळ्या नंबरप्लेटच्या ६६० सीसी गाड्या सर्वांत स्वस्त असतात, पण चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना त्या दमतात. यारिस किंवा फिटच्या वर्गातली गाडी घ्यावी. तिच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतात. बाकीच्या बॅगा ताक्क्यूबिन या घरपोच कुरिअरने नाराहून थेट विमानतळावर पाठवाव्यात, एका बॅगेला साधारण २००० ते २५०० येन पडतात. पाठीवर एक छोटी सॅक पुरते.

पहिला दिवस : नारा, गाडीशिवाय

रात्रभरच्या विमानप्रवासानंतर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये. कान्साई विमानतळावरून नाराला थेट बस आहे, दीड तासाच्या आसपास लागतो. गाडीचं एक दिवसाचं भाडं वाचतं आणि शहरातलं पार्किंगही. गाडी दुसऱ्या दिवशी नारा स्टेशनजवळून घ्यायची आणि परत विमानतळाजवळ द्यायची. दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा वेगळा आकार पडतो. तो वाचलेल्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी आहे ना, तेवढं बुकिंग करताना पाहावं.

तोदाईजी मंदिरात पोचल्यावर सगळे थेट महाबुद्धाच्या मूर्तीकडे धावतात. आधी थांबायचं ते नानदाईमोन, म्हणजे दक्षिण महाद्वारापाशी. ११९९ साली उभारलेल्या या दाराला आतून छत नाही. खाली उभं राहून वर पाहिलं की वीस मीटरच्या आसपास उंचीचे अखंड खांब आणि त्यांतून आरपार गेलेल्या तुळया थेट दिसतात. दोन्ही बाजूंचे द्वारपाल १२०३ सालचे, उन्केई, काइकेई आणि त्यांच्या शिल्पकारांनी ६९ दिवसांत घडवलेले, आठ मीटरपेक्षा उंच. दुपारी जाळीमुळे चेहरे नीट दिसत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जावं.

महाबुद्धाच्या सभागृहाचं तिकीट ८०० येन. मूळ इमारत ११८० आणि १५६७ मध्ये जळाली; आजची १७०९ची, आणि रुंदीत मूळ इमारतीच्या दोन तृतीयांशच. तरीही ती ५७ मीटर रुंद आहे. खांबांकडे बारकाईने पाहा : ते एका झाडाचे नाहीत, लाकडाचे तुकडे जोडून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले आहेत. इतक्या जाडीची झाडं तोवर संपली होती. छताच्या दोन प्रचंड तुळयांसाठी लाल पाइनची झाडं थेट क्यूशूहून आणावी लागली.

७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून. तो ७३६ साली जपानला पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी त्या दोराला हात लावून विधीत भाग घेतला. तो कुंचला आजही मागच्या शोसोइन या खजिनागृहात जपलेला आहे.

संध्याकाळी तोदाईजीतल्याच निगात्सुदो सभागृहाच्या सज्जावर जावं. तिकीट नाही, बंद होण्याची वेळ नाही, आणि सगळं नारा खाली पसरलेलं दिसतं. स्थानिक माणसं कामावरून घरी जाताना तिथे येऊन शांतपणे हात जोडून जातात.

मुक्काम नारामाचीत, म्हणजे जुन्या पेठेत. गेस्टहाउसच्या सामायिक खोलीत माणशी ३००० ते ४००० येनमध्ये सोय होते. तिथलं गांगोजी मंदिर चुकवू नका. त्याच्या छतावरची काही कौलं चौदाशे वर्षांपूर्वीची आहेत, आसुकाच्या मंदिराहून आणलेली. रंग एकसारखा नाही, तपकिरी-राखाडी-काळपट मिसळलेला आहे, त्यावरून ती ओळखू येतात. चौथ्या दिवशी त्यांचं मूळ गाव येणारच आहे.

दुसरा दिवस : होर्यूजी आणि पश्चिम नारा

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा, जुने ओरखडे कागदावर लिहून घ्या. विम्यासोबत, अपघातानंतर दुरुस्तीसाठी गाडी बंद राहिल्याच्या भरपाईचं जास्तीचं संरक्षण घ्यावं. ते नसेल तर साध्या धडकेनंतरही २०,००० येन, आणि गाडी ओढून न्यावी लागली तर ५०,००० येन भरावे लागण्याची पद्धत आहे. धक्का कितीही किरकोळ असो, ११० वर पोलिसांना कळवायचंच. पोलिसांची नोंद नसेल तर विमा मिळत नाही.

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे हात लवकर बसतो. चुका होतात त्या वेगळ्याच. लाल उलट्या त्रिकोणाच्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसता वेग कमी करून भागत नाही. प्रत्येक रेल्वे फाटकाआधी, फाटक उघडं असलं तरी, थांबावं लागतं. लाल दिव्यावर डावीकडे वळता येत नाही. आणि चालकाने घोटभरही घेतलेली चालत नाही. चालक प्यायलेला आहे हे माहीत असून गाडीत बसलेल्यांनाही शिक्षा होते.

नेव्हिगेशनबद्दल एक सावधगिरी. ओसाका आणि नाराच्या मध्ये टोल टाळण्याचा पर्याय निवडला, की फोन कधी कधी ३०८ क्रमांकाच्या रस्त्याने कुरागारी खिंडीत पाठवतो. नावाला राष्ट्रीय महामार्ग, प्रत्यक्षात एका गाडीपुरती दगडी चढण, आणि चढ ३० टक्क्यांच्या वर. समोरून गाडी आली तर मागे घ्यायलाही जागा नाही. तो रस्ता दिसला की पर्याय बदला.

होर्यूजी सकाळी आठला उघडतं आणि शाळांच्या सहली साडेनऊपासून येतात. मधला दीड तास सोन्यासारखा. तिकीट २००० येन, या प्रवासातलं सर्वांत महाग, पण त्यात तिन्ही भाग येतात. मंदिराची स्थापना ६०७ची, ६७० साली ते जळालं आणि नंतर पुन्हा बांधलं. पाच मजली पॅगोडा ३२ मीटरचा. त्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ साली तोडलेलं आहे, हे खोडाच्या वर्तुळांवरून सिद्ध झालंय. म्हणजे इमारतीपेक्षा खांब जुना. हे सगळं हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं लाकूड. कापल्यानंतरची दोनेकशे वर्षं ते आणखी कणखर होत जातं, आणि मग अगदी हळूहळू उतरतं.

मुख्य सभागृहातल्या भित्तिचित्रांपाशी महाराष्ट्रातल्या माणसाने जरा जास्त थांबावं. कला-इतिहासकार या बोधिसत्त्वांची तुलना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी करत आले आहेत. तोच कमनीय बाक, त्याच अर्धोन्मीलित पापण्या. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९च्या आगीत करपली. चित्रांच्या प्रती करण्याचं काम चालू असतानाच आग लागली होती. आज भिंतीवर दिसतात त्या नंतर केलेल्या प्रती. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि आजही २६ जानेवारीला देशभरच्या मंदिरांत अग्निशमनाच्या कवायती होतात. मंदिरांत जागोजागी दिसणाऱ्या पाण्याच्या तोफा आणि ‘आग निषिद्ध’च्या पाट्या त्या दिवसानंतर वेगळ्याच वाटतात.

खजिनागृहात तामामुशी देव्हारा आहे. भुकेल्या वाघिणीसाठी देह टाकणाऱ्या बोधिसत्त्वाची जातककथा त्याच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे. एकाच चित्रात तोच राजपुत्र तीनदा : कपडे उतरवताना, कड्यावरून झेपावताना, आणि खाली वाघिणीपुढे. अष्टकोनी यूमेदोनो सभागृहातली गुझे कान्नोनची (कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर) मूर्ती शतकानुशतकं कापडात गुंडाळून ठेवली होती. ती वसंतात ११ एप्रिल ते १८ मे आणि शरदात २२ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर एवढीच दर्शनाला खुली असते. दारापाशी वाकून, जाळीतून, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. गर्दीत ते जमत नाही, म्हणून हे आधी करा.

दुपारी याकुशिजी आणि तोशोदाईजी, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर. याकुशिजीचा पूर्व पॅगोडा ७३०चा. छपरं सहा दिसतात, मजले मात्र तीनच. मधली छोटी छपरं शोभेची. समोरचा पश्चिम पॅगोडा १९८१ साली निशिओका त्सुनेकाझू या मंदिर-सुताराच्या देखरेखीखाली नव्याने उभा राहिला. लाकूड आटेल, जमीन बसेल, हे धरून त्यांनी तो मुद्दाम थोडा उंच ठेवला. काही शतकांनी दोन्ही एका उंचीचे व्हावेत, हा हिशेब. दोन्ही पॅगोडे एकाच नजरेत येतील अशा जागी उभं राहून हे पाहावं.

तोशोदाईजी हे चिनी भिक्षू गान्जिनचं मंदिर. पाच प्रयत्न फसले, दृष्टी गेली, सहाव्या खेपेला ते जपानला पोचले, मंदिर ७५९चं. मुख्य सभागृह २००० ते २००९ दरम्यान पूर्ण उतरवून, कुजलेले तुकडे तेवढे बदलून, परत उभं केलं. आतल्या सहस्रभुज कान्नोनचे ९५३ हात आजही शाबूत आहेत.

तिसरा दिवस : हासेदेरा आणि मुरोजी

सकाळी पाऊस आणि डोंगरात धुकं. या दोन मंदिरांना हीच हवा शोभते.

हासेदेराला ३९९ पायऱ्या आहेत आणि सगळ्या छपराखाली, त्यामुळे छत्री लागत नाही. पायऱ्या बुटक्या आहेत, साठीतल्या आजीही सहज चढतात. वर दहा मीटर उंचीची लाकडी कान्नोन, १५३८ची. तिच्या उजव्या हातात भिक्षूची काठी आहे. इतर कान्नोनच्या मूर्तींत सहसा ती नसते. पायथ्याच्या गल्लीत योमोगीचा पाला घातलेले हिरवे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, लोखंडी तव्यावर भाजत बसलेल्या बायका असतात. गरम असतानाच खावेत. एक मोची घेतला तरी चहाचा पेला पुढे करतात.

इथपासून पुढे मंदिरांची शाईतली मुद्रा, गोशुइन, गोळा करायला सुरुवात करता येते. एकेक मुद्रा साधारण ५०० येन, आणि वही मंदिरातच मिळते. सुटे पैसे ठेवा. ब्रशने लिहिणाऱ्या माणसाला मोठ्या नोटेची मोड मागणं बरं दिसत नाही. लिहून होईपर्यंत बोलू नये, फोटो विचारूनच काढावा. आधी दर्शन, मग मुद्रा, हा क्रम पाळावा.

मुरोजीकडे जाणारा रस्ता नदीकाठाने अरुंद होत जातो. वळणांवर बहिर्गोल आरसे असतात, ते बघत हळू जायचं. कोयासान या पवित्र डोंगरावर स्त्रियांना बंदी होती, त्या काळात हे मंदिर त्यांना खुलं होतं. म्हणून याला स्त्रियांचं कोया म्हणतात. पायऱ्यांच्या टोकाला पाच मजली पॅगोडा, अवघा १६ मीटरचा, उघड्यावर उभ्या असलेल्या जपानी पाच मजली पॅगोडांत सर्वांत लहान. सप्टेंबर १९९८च्या वादळात शेजारचा प्रचंड सुगी (जपानी सिडार) वृक्ष त्याच्यावर कोसळला आणि एका बाजूची छपरं फाटली. मधला खांब मात्र वाकला नाही. २००० साली दुरुस्ती पूर्ण झाली. हिनोकीच्या सालींचे थरावर थर लावलेली छपरं जवळून बघायची तर इथेच. आणखी वर, आतल्या देवळापर्यंत, शेकडो पायऱ्या आहेत. ओल्या शेवाळावर घसरायला होतं, रबरी तळव्याचे बूट हवेत. बूट लेसचे नसलेले बरे, कारण दिवसातून दहादा काढावे लागतात.

जेवण साकुराईजवळ. मिवा सोमेन या केसाइतक्या बारीक शेवया इथल्याच. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं : रस्सा जवळपास नेहमी बोनितो माशाचा असतो, शेवया शाकाहारी असल्या तरी. दुकानातल्या भाताच्या गोळ्यांत उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) किंवा नुसता मिठाचा घ्यावा, तरीही मागचा मजकूर फोनने भाषांतर करून वाचावा. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी सातनंतर तयार जेवणावर सवलतीची चिकटपट्टी लागते. बजेटमध्ये फिरणाऱ्यांचं रात्रीचं जेवण तिथेच.

चौथा दिवस : आसुका आणि योशिनो

आसुकात गाडी एका जागी लावून सायकली घ्याव्यात. भातखाचरांमधून वाट जाते. कडेला माणूस नसलेली भाजीची मांडणी : संत्री, रताळी, शेजारी डबा, १०० येन टाकायचे आणि उचलायचं.

आसुकादेरा दिसायला साधं गावातलं देऊळ आहे. पण ६०९ सालची कांस्य बुद्धमूर्ती आगी आणि पडझडीनंतरही मूळ जागेवरच बसलेली आहे. चेहऱ्यावर जोडकामाच्या रेषा स्पष्ट दिसतात. इथे फोटो काढू देतात, जे जपानच्या मंदिरांत फारच विरळ. गांगोजीच्या छपरावरची कौलं इथूनच गेली. राजधानी नाराला हलली तेव्हा मंदिरही हललं, मूर्ती मात्र मागे राहिली.

आसुकाहून योशिनो वीस-पंचवीस किलोमीटर. एप्रिलमध्ये तिथे गाड्यांवर निर्बंध असतात. नोव्हेंबरात डोंगरावर पार्किंग सहज मिळतं. किंपुसेन्जीचं झाओदो सभागृह ३४ मीटर उंच. त्याचे ६८ खांब वेगवेगळ्या झाडांचे, न तासलेले, वाकडे तसे वाकडे ठेवलेले. एक तर पेअरच्या झाडाचा. आतल्या झाओ गोंगेन या डोंगरातल्या उग्र देवतेच्या तीन निळ्या मूर्ती सात मीटरच्या घरातल्या, एक पाय उचललेल्या, रागावलेल्या. त्या काही ठरावीक काळातच उघडतात, तारखा आधी बघून दिवस ठरवावा.

आजूबाजूच्या डोंगरांवर सरळसोट सुगीची लागवड आहे. योशिनोत रोपं अतिशय दाट लावतात आणि अनेक दशकं विरळ करत जातात, म्हणून वर्तुळं बारीक आणि खोड एकसारखं. देशभरच्या बांधकामांना इथून लाकूड जातं.

रात्री गोजो किंवा हाशिमोतोत साधं बिझनेस हॉटेल घ्यावं. डोंगरावरच्या मुक्कामापेक्षा निम्मे पैसे पडतात.

पाचवा दिवस : कोयासान

गोजोपासून पश्चिमेला केइनावा एक्सप्रेसवे विनाटोल आहे. किहोकु-कात्सुरागीला उतरून ४८० क्रमांकाचा रस्ता धरावा. वळणं असली तरी दोन पदरी, रुंद. कुदोयामाकडून वर जाणारा रस्ता नकाशावर जवळचा वाटतो, पण काही ठिकाणी अरुंद आहे. डिसेंबर ते मार्च हिवाळी टायरशिवाय वर जाऊ नये. टाकी खालीच भरून घ्या : सामान्य पेट्रोलची नळी लाल, डिझेलची हिरवी. हिरव्याला हात लावू नका.

कूकाई ऊर्फ कोबो दाइशी या भिक्षूंना ८१६ साली हा डोंगर मिळाला. आठशे मीटरच्या वर वसलेल्या या गावात शंभरावर मंदिरं आहेत, त्यांतली पन्नासेक मुक्कामाची सोय करतात. नगरपालिकेचे वाहनतळ फुकट आहेत. गाडी लावून पायी फिरावं.

ओकुनोइनची स्मशानवाट इचिनोहाशी पुलापासूनच चालावी. दोन किलोमीटर होते. नाकानोहाशीच्या वाहनतळापासून अंतर कमी, पण मग नोबुनागा, शिन्गेन, केन्शिन या एकमेकांचे वैरी असलेल्या सरदारांच्या एकाच सावलीतल्या समाध्यांपैकी बऱ्याच हुकतात. दोन लाखांवर समाध्या आहेत. पाच दगडांचे स्तूप जागोजागी दिसतील. प्रत्येक दगडावर सिद्धम् या मूळ भारतीय लिपीत एक बीजाक्षर कोरलेलं. वरून खाली ख, ह, र, व, अ : आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. देवनागरी वाचणाऱ्याला त्यांतलं एखाद-दुसरं थोड्या प्रयत्नाने ओळखू येतं. शेवटच्या गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो, खाणं, टोपी काहीही नाही. कूकाई तिथे ८३५पासून ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज सकाळी दोनदा त्यांच्यासाठी अन्न नेलं जातं. साडेदहाची फेरी गाठता आली तर जरूर गाठावी : पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन जातात आणि वाटेवरचे सगळे बाजूला होतात.

मंदिरातला मुक्काम हा या प्रवासातला एकमेव खर्चिक मुक्काम. दोन जेवणांसह माणशी १२,००० ते २०,००० येन. तो कापू नये. पाचच्या आत पोचायचं, कारण जेवण साडेपाच-सहालाच. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण काहीच नसतं आणि रस्साही कोंबू हे समुद्री शेवाळ व शिताके अळंबीचा. तिळाचा मऊसूत गोमादोफू आणि रस्सा शोषलेला कोयादोफू, म्हणजे वाळवलेला टोफू, दोन्ही इथलेच. कंदमुळं न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच कळवावं. ऐन वेळी बदल होत नाही. खोलीत हीटर असतो, पण व्हरांडे आणि मोरी गारठलेली. जाड मोजे न्या. सकाळी सहा-साडेसहाच्या प्रार्थनेला अर्धा तास मांडी घालून बसलं तरी चालतं, पाय मात्र देवाकडे पसरू नयेत.

सहावा दिवस : नेगोरोजीमार्गे परत

कोयासानचं मुख्य मंदिर कोंगोबुजी (१००० येन) सकाळी उघडल्या उघडल्या बघून खाली उतरावं. कुदोयामाच्या बाजूला रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पर्सिमन ही फळं पिशव्यांनी मिळतात. दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त आणि पिकलेली.

नेगोरोजी मंदिरात बाहेरचे पर्यटक फार कमी येतात, म्हणून मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्याचा महास्तूप ४० मीटर उंच, १५४७ साली पूर्ण झालेला, या प्रकारच्या लाकडी स्तूपांत जपानमधला सर्वांत मोठा. खालून चौकोनी, वरून गोल. १५८५ साली हिदेयोशी या सेनापतीच्या सैन्याने मंदिर जाळलं, तेव्हा बहुतेक इमारती गेल्या, हा वाचला. दाराच्या लाकडात त्या लढाईतल्या गोळ्यांची भोकं आहेत, बोट घालून बघण्याचा मोह आवरावा.

तिथून विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर. टाकी विमानतळाच्या पुलाच्या अलीकडे, रिंकू टाउनमध्ये भरा आणि पावती जपून ठेवा. काही कंपन्या जवळच्याच पंपाची पावती मागतात. भाडं आणि विमा दिवसाला ७५०० येन धरला, तर पाच दिवसांचे ३७,५००. अडीचशे-तीनशे किलोमीटरला पंधरा लिटर पेट्रोल, म्हणजे २५००-२७००. पार्किंग आणि थोडा टोल मिळून ६०००. चौघांत माणशी साडेअकरा हजार येन, आजच्या दराने साडेसहा-सात हजार रुपये. गाडी सोडण्याचा आकार वेगळा. विमान सुटण्याआधी निदान साडेतीन तास गाडी परत द्या. काउंटरहून टर्मिनलला नेणारी गाडी वीस-तीस मिनिटांनी एक असते.